गावातली कामे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद लावलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर ‘गावातली कामे’ असे लिहिलेले असते. आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला राहतो, माझी नोकरी सातपूरच्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात आहे आणि किराणा, दूध, औषधे, शाळेच्या वह्या असे सगळे काही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. तरीही काही कामे अशी उरतातच की ज्यांच्यासाठी गावात जावे लागते. गावात म्हणजे रविवार कारंजा, मेनरोड, कापड पेठ, सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, भद्रकाली, तिथून उतार उतरून गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, घाट आणि पूल ओलांडून पंचवटी. सासूबाईंचे वाचनालयाचे पुस्तक बदलणे, पितळेच्या भांड्यांना कल्हई करून आणणे, मंगळसूत्राची तुटलेली वाटी जोडून घेणे, बुधवारच्या बाजारातून भाजी आणणे, लग्नाच्या आहेराच्या तांब्यावर नाव घालून घेणे, अशी ती कामे असतात. यादी कधी पूर्ण संपत नाही. वरची चार कामे खोडली जाण्याआधी खाली दोन नवी लिहिली जातात.

पाहुणे आले की त्यांना आम्ही पांडवलेणी दाखवतो, सोमेश्वरला नेतो, त्र्यंबकेश्वराचे दर्शन घडवतो आणि द्राक्षांचे दिवस असतील तर दिंडोरीकडच्या एखाद्या बागेतही घेऊन जातो. या सगळ्या ठिकाणांचा मला मनापासून अभिमान आहे. पण आपल्या शहराशी माणसाची खरी ओळख होते ती तिथे त्याचे काहीतरी काम असते तेव्हा, असे माझे मत वर्षानुवर्षांच्या अनुभवाने पक्के होत गेले आहे. काम असलेल्या माणसाला थांबावे लागते, विचारावे लागते, दुकानदार जेवायला गेला असेल तर पायरीवर बसून वाट पाहावी लागते, आणि त्या वेळात शहर स्वतःहून त्याच्याशी बोलू लागते. म्हणूनच आमच्या घरात एक नियम आहे की मुले एकटी बसने जाऊ-येऊ लागली की यादीतले एखादे तरी काम त्यांच्याकडे द्यायचे. माझ्या पतींना आरंभी हे फारसे पटत नव्हते. सगळे घरपोच मिळत असताना मुलांना अभ्यासाच्या दिवसांत गर्दीत कशाला पाठवायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यावर मी फार वाद घातला नाही; सासूबाईंनी मात्र एकाच वाक्यात निकाल दिला: “पोरांना आपलं गाव पायाखालचं असू द्या.”

सासूबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही गावातलेच. लग्नानंतरची कितीतरी वर्षे त्यांनी तिवंध्याजवळच्या एका वाड्यात काढली. जुने नाशिक टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे तिथल्या गल्ल्या सपाट नाहीत. एका बोळातून चढावे आणि दुसऱ्या बोळातून उतरावे, अशीच तिथली चाल. पाणी भरलेली कळशी घेऊन तो चढ चढण्याच्या सवयीमुळेच आपले गुडघे अजून शाबूत आहेत, असे त्या सांगतात. वाड्याला सागवानी खांबांची ओसरी होती, मधोमध चौक होता, माडीवर दोन बिऱ्हाडे होती आणि खाली चार. कोणाच्या घरी कोणती भाजी फोडणीला पडली हे सर्वांना कळत असे आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही हेही कळत असे. वाडा जुना झाला, पावसाळ्यात भिंती ओलावू लागल्या, वारसांमध्ये वाटण्या झाल्या आणि अखेर तो उतरवला गेला. गावातल्या कितीतरी वाड्यांची हीच कथा आहे. दरवर्षी पावसाळ्यात एखाद्या वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते तेव्हा सासूबाई वर्तमानपत्र चष्म्याजवळ धरून आधी गल्लीचे नाव वाचतात.

त्यांच्या पुस्तकांचे काम सध्या माझ्या मुलीकडे आहे. आमच्या गावाच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. रेल्वे यायच्या आधी, १८५७ च्या उठावाच्याही आधी या गावातल्या लोकांना एकत्र येऊन वाचावेसे वाटले, ही गोष्ट मला कोणत्याही स्मारकापेक्षा मोठी वाटते. टिळक पथावरच्या आवारात वाचनालय आहे आणि त्याच आवारात परशुराम सायखेडकर नाट्यगृह आहे, त्यामुळे पुस्तक बदलायला गेलेला माणूस नाटकाच्या जाहिरातीही वाचून येतो. मुलगी पहिल्यांदा गेली तेव्हा आजीने चिठ्ठीवर तीन नावे लिहून दिली होती आणि त्यांपैकी जे मिळेल ते आण, असे सांगितले होते. तीनही पुस्तके बाहेर गेलेली होती. देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंनी तिला “आजीला काय आवडतं?” असे विचारले आणि तिच्या लक्षात आले की ते आपल्याला नीटसे सांगता येत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ती आजीजवळ बसली आणि कोणती पुस्तके आवडली, कोणती अर्धवट सोडली, कोणती पुन्हा वाचली हे तिने विचारून घेतले. तेव्हापासून चिठ्ठीची गरज उरलेली नाही; ती आजीसाठी निवडून आणते, आजी वाचून होताच तिला सांगते, आणि त्या सांगण्यातून तीही तेच पुस्तक हातात घेते. कुसुमाग्रजांना या गावात सगळे तात्यासाहेब म्हणत. त्यांना १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आपल्याच घरातल्या कोणाला तरी मिळाल्यासारखे गावाला वाटले होते, हे सासूबाई आजही तितक्याच आनंदाने सांगतात. २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन राज्यभर साजरा होतो. आमच्या घरी त्या दिवशी सासूबाई संध्याकाळच्या चहानंतर त्यांची एखादी कविता मोठ्याने वाचतात आणि मुलगी ऐकते.

मुलाकडे भांड्यांचे काम असे. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची ख्याती जुनी आहे आणि भांडी बाजारात शिरले की अजूनही दुकानाच्या दारावर टांगलेल्या घागरी, बंब, परातींनी रस्ता पिवळा-तांबूस दिसतो. आमच्याकडे सासूबाईंच्या रुखवतातली पितळेची पातेली आणि डबे आहेत. त्यांत आमटी किंवा ताक ठेवायचे तर आतून कल्हई नीट हवी, नाहीतर आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो आणि मग तो टाकून द्यावा लागतो. कल्हई करणारा भांडे तापवतो, आत नवसागर टाकतो, त्याचा पांढरा धूर निघतो, मग कथिलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील भांड्याच्या तळापासून काठापर्यंत पसरवतो. काळपट पितळ पाहता पाहता चांदीसारखे उजळते. मुलगा शाळेत असताना पहिल्यांदा हे पाहायला उभा राहिला आणि घरी येऊन मला रसायनशास्त्र समजावू लागला: नवसागरामुळे धातूवरचा गंज निघून जातो, म्हणून कथील धरते. पुस्तकात त्याने अमोनियम क्लोराइड वाचलेले होते. त्याचा वास मात्र त्याला गावात कळला. त्याच बाजारात भांड्यांवर नाव घालून देणारे कारागीर बसतात. चुलत बहिणीच्या लग्नाच्या तांब्यावर नाव घालून घेण्यासाठी तो गेला, तेव्हा कारागिराने नाव, गाव, तारीख आणि कोणाकडून भेट हे विचारले आणि न लिहून घेता सरळ तांब्यावर कोरायला घेतले. एकही अक्षर चुकले नाही. घरातल्या जुन्या भांड्यांवरची नावे मुलाने त्यानंतर एकेक करून वाचली आणि आजीच्या आत्याचे नाव, जे घरात कोणी उच्चारतही नव्हते, ते एका डब्याच्या झाकणावर सापडले. त्या आत्याची सगळी हकीकत मग एका रविवारी सासूबाईंनी सांगितली.

बुधवारचा बाजार माझा. गंगेच्या घाटावर दर बुधवारी भरणारा हा बाजार मी सहसा सोडत नाही. कामावरून सुटल्यावर परस्पर तिकडे जाते. वर्षाचे ऋतू मला दिनदर्शिकेपेक्षा या बाजारात आधी कळतात. पावसाळा लागला की पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबककडच्या आदिवासी बाया करटुली, शेवळे, कुरडू, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे घेतले की कोणी ना कोणी आठवण करून देतेच, की चिंच भरपूर घाला, नाहीतर घसा खाजेल. नवी नागली, म्हणजे नाचणी, येते तेव्हा त्याच बायांकडे ती मिळते. डोंगरउतारावरच्या नागलीची भाकरी थंडीच्या दिवसांत, लसणाच्या चटणीबरोबर आणि घरच्या लोण्याबरोबर, याहून वेगळे जेवण मला कोणी दिले तरी नको असते. हिवाळ्यात गिरणारे, मखमलाबादकडून टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर यांचे ढीग लागतात. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव एका आठवड्यात आकाशाला भिडतो आणि पुढच्या आठवड्यात ती फुकट घेऊन जा म्हणण्याची वेळ येते, आणि त्या दोन्ही वेळी समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिले की शेतीविषयीची कितीतरी भाषणे अपुरी वाटतात.

आमच्या घरात शेती नाही. माझ्या पतींचे मामा मात्र निफाड तालुक्यात द्राक्षे करतात, त्यामुळे द्राक्षांचे वर्ष आमच्याही घरात मोजले जाते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि त्यानंतर घड तयार होईपर्यंतचे सुमारे चार महिने मामा फोनवर फक्त आभाळाविषयी बोलतात. ढगाळ हवा आली की डावणी रोगाची भीती, थंडी फार पडली की मण्यांची फुगवण थांबण्याची भीती, आणि माल काढणीला आलेला असताना अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकण्याची भीती. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरल्याची बातमी आली की इतरांना गुलाबी थंडीचे कौतुक वाटते. मामांच्या घरी मात्र त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवल्या जातात. म्हणून जानेवारीनंतर बाजारात द्राक्षे दिसू लागली की मी भावात घासाघीस करत नाही. मुलांनाही हे कधी सांगावे लागले नाही; मामांच्या बागेत एकदा तडकलेल्या घडांचा खच त्यांनी पाहिला आहे. कांद्याचेही असेच आहे. पावसाळी लाल कांदा टिकत नाही, तो रोजच्या रोज आणायचा. चैत्र-वैशाखात निघणारा उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून त्याची गोणी भरून ठेवायची, सावलीत पसरायची आणि अधूनमधून हात फिरवून नासलेला कांदा वेगळा काढायचा. हे काम आमच्याकडे सगळे मिळून करतो आणि त्या वेळी लासलगावच्या भावाची चर्चा अशा गांभीर्याने होते की ऐकणाऱ्याला आमची स्वतःची चाळ कांद्याने भरलेली आहे असे वाटावे.

पावसाळ्यात हाच घाट वेगळा होतो. शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर गंगापूरचे मातीचे धरण आहे. ते भरत आले आणि वरून पावसाचा जोर असला की विसर्ग सुरू होतो, आणि मग दर तासाला क्युसेकचे आकडे येऊ लागतात. आमच्या घरात त्या आकड्यांचा अर्थ फक्त एकाच प्रश्नाने लागतो: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले? रामकुंडाजवळची ती उंच मूर्ती हीच नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टी आहे. गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे नेहमीचा पावसाळा, कमरेपर्यंत म्हणजे टपऱ्या हलवायच्या, छातीपर्यंत म्हणजे सराफ बाजार आणि दहीपुलाकडच्या दुकानदारांनी खालचा माल वर चढवायचा. नारोशंकराच्या देवळावरची घंटा ही त्याच्याही वरची खूण. हे देऊळ १७४७ सालचे, आणि वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा त्याच्या दर्शनी बाजूला टांगलेली आहे. पाणी त्या घंटेला लागले म्हणजे महापूर, असे जुनी माणसे मानतात. १९६९ च्या महापुराच्या वेळी सासूबाई नवीन लग्न होऊन आलेल्या होत्या. वाडा उंचावर असल्यामुळे त्यांच्या घरात पाणी आले नाही, पण खालच्या गल्ल्यांतली माणसे पोरेबाळे आणि ट्रंका घेऊन वर आली आणि ओसरीवर, माडीवर, जिन्याखाली मिळेल तिथे राहिली. घरातले पीठ संपेपर्यंत भाकऱ्या थापल्या, एवढेच त्या सांगतात आणि गप्प होतात. ऑगस्ट २०१६ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरले, तेव्हा माझी मुले लहान होती आणि त्या मात्र दिवसभर फोनवर होत्या. कोणाचे दुकान, कोणाचे तळघर, कोणाची म्हातारी आई खालच्या मजल्यावर, याची त्यांना तोंडपाठ माहिती होती. गावातल्या ज्या ओळखी मला केवळ दुकानांच्या पाट्या वाटत होत्या, त्या पाट्यांमागची घरे मला त्या दिवशी दिसली.

पंचवटीत जायचे काम वर्षातून काही ठरावीक वेळा निघते, त्यांपैकी एक चैत्रातले. रामनवमीला सासूबाईंना काळारामाचे दर्शन हवे असते, आणि कामदा एकादशीला निघणारे रामरथ आणि गरुडरथ पाहायचे असतात. रथाकडे तोंड करून उलटे चालणारे मानकरी, रथ ओढणाऱ्यांचा जयघोष, सडा-रांगोळ्यांनी भरलेले रस्ते हे सगळे मुलांनी लहानपणापासून पाहिले आहे. मुलगी सातवी-आठवीत असताना देवळाच्या दाराशी थांबून तिने मला विचारले, की शाळेच्या पुस्तकातला सत्याग्रह तो इथलाच ना? इथलाच, असे मी सांगितले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे याच देवळाच्या दारांकडे चालत आली, दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे नेटाने चालवला, त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली, आणि वर्षे गेली तरी ही दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. सासूबाई हे ऐकत होत्या. आपल्या सासऱ्यांनी त्या काळात काय केले असेल हे आपण कधी विचारले नाही, विचारायला हवे होते, असे त्या म्हणाल्या. ज्या गावावर आपण प्रेम करतो त्याने कोणाला दाराबाहेर उभे ठेवले होते हे मुलांना त्याच दारात उभे राहून कळावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. घरी बसून सांगितलेल्या गोष्टीत ते कळले नसते. त्यानंतर आम्ही दरवर्षी दर्शन घेतो आणि दरवर्षी मुलगी त्या दाराकडे थांबून पाहते.

घाटावर आणखी एक काम कधीतरी येते आणि ते मला आवडते. बाहेरगावचे नातेवाईक अस्थी घेऊन येतात, त्यांचे विधी रामकुंडावर होतात, आणि मग तीर्थोपाध्यायांच्या घरी त्यांच्या घराण्याची नामावळी पाहायला जायचे असते. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी नेमका चोपडा काढतात. सासूबाईंचे विदर्भातले एक मावसभाऊ आले होते, त्यांना त्यांच्या पणजोबांची मोडी अक्षरातली नोंद दाखवण्यात आली, तेव्हा तो सत्तरीचा माणूस त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. नंतर त्यांनी स्वतःची, मुलांची, आणि आग्रहाने मुलींची आणि नातींचीही नावे लिहून दिली.

काम आटोपले की मिसळ. नाशिकची मिसळ आता फार प्रसिद्ध झाली आहे. शहराबाहेर मोठमोठ्या मोकळ्या जागांत, चुलीवरची म्हणून, झोपाळे आणि वाहनतळासह ती मिळते आणि सुट्टीच्या दिवशी तिथे रांगा लागतात. आमची पसंती गावातल्या छोट्या जागेला आहे, जिथे काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड आणि दही एवढेच येते आणि जागा मोकळी करायची असल्यामुळे माणूस लवकर उठतो.

रंगपंचमीविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण ज्या रस्त्याने आपण वर्षभर कामाला जातो त्याच्या खाली काय आहे हे त्या दिवशी दिसते. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि त्यासाठी पेशवेकाळापासूनच्या दगडी रहाडी, म्हणजे जमिनीत बांधलेले हौद, आहेत. एरवी त्या बंद करून वरून रस्ता चालू असतो. सणाच्या आधी त्या उघडतात, स्वच्छ करतात, फुलांपासून केलेला रंग पाण्यात सोडतात आणि प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला असतो. तिवंध्याच्या रहाडीत मारलेला धप्पा ही माझ्या सासऱ्यांची, पतींची आणि मुलाची सामाईक आठवण आहे. उडी मारली की पाणी किती उंच उसळले यावर तिघांचेही आपापले दावे असत.

गावात जाणे सोपे राहिलेले नाही, हेही खरे आहे. गाडी लावायला जागा मिळत नाही, खोदलेले रस्ते महिनोन्महिने तसेच राहतात, आणि उन्हाळ्यात शहराच्या खालच्या अंगाला नदीवर पाणवेलींचा हिरवा थर साचलेला पाहिला की जीव कळवळतो. कुंडांच्या तळाशी काँक्रीट घातल्याने त्यांतले जिवंत झरे बुजले, ते काँक्रीट काढावे, म्हणून नदीवर प्रेम करणारी माणसे वर्षानुवर्षे झगडत आहेत, आणि माझे मन पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २०१५ च्या पर्वणीला आमच्या घरात अंथरुणे कमी पडतील इतके पाहुणे होते आणि त्यांची सेवा करताना आम्हाला धन्यता वाटली. पण पाहुणे परत गेल्यावरही ज्या नदीकाठी बाजार भरतो, कपडे धुतले जातात, मुले पोहायला शिकतात, तिची काळजी उरलेली अकरा वर्षे कोणी घ्यायची, हा प्रश्न दर बुधवारी घाटाच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनात असतो. ज्यांना नदीवर काही काम आहे त्यांनीच तो विचारत राहिले पाहिजे. म्हणून घाटाच्या स्वच्छतेला जाणाऱ्या मंडळींबरोबर मी आणि मुलगी जमेल तेव्हा जातो.

मुलगा आता नोकरीसाठी पुण्यात असतो. त्याच्या भांड्यांचे काम मुलीने आपल्याकडे घेतले आणि त्याला जाताना सासूबाईंनी त्यांच्या रुखवतातले एक छोटे पितळेचे पातेले दिले. मित्रांबरोबर राहणारा मुलगा ते कशाला वापरेल, असे मला वाटले होते. परवा रात्री त्याचा फोन आला. पातेल्यात त्याने टोमॅटोचे सार केले होते, कल्हई उडालेली दिसली, म्हणून शनिवारी चौकशी करत करत तो कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेला होता. तिथला रस्ता, ठोक्यांचा आवाज, कारागिराने त्याला नाशिकचा म्हटल्यावर केलेली विचारपूस, शेजारच्या गल्लीत मिळालेला चहा, असे तो भरभरून सांगत होता. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला विचारले, की कल्हई काठापर्यंत नीट केली आहे ना, किती पैसे घेतले, आणि त्या तांबटाचे मूळ गाव कोणते. शेवटचे विचारायचे राहून गेले, असे तो म्हणाला. पुढच्या वेळी आधी ते विचार, असे त्यांनी त्याला बजावले.